चकल्यांचा घाणा, पित्त आणि १६ हा आकडा

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात आली होती. एडिंबरात त्या दिवसांत साडेचारलाच अंधार होतो, म्हणून चकल्या तळायला मी दुपारीच उभी राहिले. भाजणी वहिनीने सांगलीहून पाठवलेली. तिसरा घाणा कढईत सोडला आणि पाठीत, दोन खवाट्यांच्या मधोमध, काहीतरी रुतल्यासारखं झालं. मग दाढ ठणकावी तसा खालचा जबडा जड झाला. मळमळायला लागलं. खिडकी सताड उघडी, बाहेर हाडं गोठवणारा वारा, आणि माझ्या मानेवरून घाम ओघळतोय.

पित्त, दुसरं काय! सकाळपासून नुसत्या चहावर होते, त्यात तेलाचा वास. आमसुलाचं पाणी प्यायले, पाच मिनिटं टेकले आणि उरलेल्या चकल्या तळून काढल्या. लिहायला लाज वाटते, पण काढल्या. पीठ भिजवलेलं होतं ना.

नवरा घरी आला तेव्हा मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. "छातीत दुखतंय का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही, दुखत नाहीये. आवळल्यासारखं वाटतंय." त्याने पुढचं काही न विचारता ९९९ फिरवला.

त्या "दुखत नाहीये"वर मी नंतर पुष्कळ विचार केला. बायकांच्या हार्ट अटॅकची लक्षणं वेगळीच असतात, असं आपण व्हॉट्सॲपवर वाचत असतो. ते अर्धंच खरं. इथल्याच संशोधकांनी तपासलं तेव्हा अटॅक आलेल्या बायका आणि पुरुष, दोघांतही शंभरातल्या नव्वदाहून जास्त जणांना छातीचा त्रास झालेला होता. जबडा, पाठ, मळमळ ही बायकांमध्ये जास्त, पण छातीच्या जोडीला, छातीऐवजी नव्हे. मग चुकतं कुठे? माझं तरी शब्दात चुकलं. कळ आली तरच ते दुखणं, अशी माझी समजूत. दाब, भरून येणं, आवळणं यांना मी दुखण्यात धरतच नव्हते. शिवाय दुखणं अंगावर काढायची सवय. ती विमानात बसताना मागे थोडीच राहते?

ॲम्ब्युलन्समधून आलेली बाई माझ्याच वयाची होती. "शर्ट वर घे, हेन," म्हणाली. स्कॉटलंडमध्ये बायकांना लाडाने हेन म्हणतात. पहिल्या वर्षी एका दुकानदाराने म्हटलं तेव्हा मला कोंबडी म्हणतो म्हणून मी घरी येऊन धुसफुसले होते. तिने सोफ्यावरच ईसीजी काढला. तो जवळजवळ नॉर्मल होता. मी लगेच म्हटलं, "बघा, पित्तच आहे." ती म्हणाली, "नॉर्मल ईसीजीवर माझा विश्वास नाही," ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चघळायला दिली आणि मला उचललं.

हॉस्पिटलात रक्त घेतलं ते ट्रोपोनिनसाठी. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं. माझा पहिला आकडा आला २१. नवऱ्याने तिथल्या तिथे फोनवर शोधलं आणि सुटकेचा श्वास टाकला, कारण ३४ पर्यंत ठीक असं त्याला कुठेतरी सापडलं. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "३४ ही पुरुषांची रेघ. बाईची १६."

पुरुषाचं हृदय आकाराने मोठं, त्यामुळे निरोगी पुरुषाच्या रक्तातही ट्रोपोनिन बाईपेक्षा जास्तच असतं. पण वर्षानुवर्षं दोघांना एकच माप लावलं जात होतं. जुन्या तपासण्यांना एवढं बारीक मोजताच येत नव्हतं, त्यामुळे फरक लपून राहिला. अतिसंवेदनशील तपासणी आली तेव्हा याच एडिंबरात निकोलस मिल्स, अनूप शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या रेघा लावून पाहिल्या. पुरुषांना ३४, बायकांना १६ नॅनोग्रॅम प्रति लिटर. २०१५ साली निकाल छापून आला. अटॅकच्या संशयाने आलेल्या बायकांपैकी ११ टक्क्यांचं निदान आधी होत होतं, ते २२ टक्क्यांवर गेलं. पुरुषांचं १९ वरून २१. म्हणजे जितक्या बायका सापडत होत्या, जवळपास तितक्याच निसटत होत्या. त्यातल्या किती जणींनी घरी जाऊन उरलेला स्वयंपाक केला असेल, कोण जाणे.

काही तासांनी माझं दुसऱ्यांदा रक्त घेतलं. आकडा ६८. आता कोणत्याही रेघेने मोजा.

हे वाचून इथे सगळं आलबेल आहे असं वाटायला नको. स्कॉटलंडच्या दहा हॉस्पिटलांत ४८ हजारांहून जास्त रुग्णांवर पुढे हाच प्रयोग झाला. नव्या रेघेने बायका जास्त सापडल्या खऱ्या, पण स्टेंट, औषधं वगैरे उपचार त्यांना पुरुषांच्या साधारण निम्म्यानेच मिळाले, आणि पुढे त्यांची तब्येतही काही सुधारली नाही. लीड्सच्या संशोधकांनी इंग्लंड आणि वेल्समधल्या अटॅकच्या सुमारे सहा लाख नोंदी चाळल्या, तर पहिलं निदान चुकण्याची शक्यता बायकांमध्ये ५० टक्क्यांनी जास्त निघाली. ब्रिटनमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने स्तनाच्या कॅन्सरच्या दुप्पट बायका जातात. आम्ही मैत्रिणी गुलाबी टी-शर्ट घालून कॅन्सरसाठी पाच किलोमीटर चालतो. हृदयासाठी चालल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मनगटातून अँजिओग्राफी झाली. नळ्या स्वच्छ! कुठेही मोठं ब्लॉकेज नाही. वहिनीला फोन लावला तर ती आनंदाने म्हणाली, "अगं, मग गॅसच होता की. उगाच घाबरवलंस सगळ्यांना. दादा तर तिकिटं बघत बसलाय." खरं सांगते, क्षणभर मलाही तसंच वाटलं. थोडी शरमसुद्धा वाटली, एवढी माणसं कामाला लावली म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी मात्र ही समजूत पार मोडून काढली. अटॅक आलेल्या शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांच्या मोठ्या नळ्यांत अडथळा सापडत नाही, आणि अशांत बायकांचं प्रमाण जास्त. कधी नळीला पेटका येतो, कधी गुठळी होऊन विरघळते, कधी भानगड इतक्या बारीक वाहिन्यांत असते की अँजिओत दिसतच नाही. म्हणून हृदयाचा एमआरआय. त्यात डाग दिसला, नखाएवढा. गॅसने डाग पडत नाहीत. तो एमआरआय झाला नसता तर मी ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन घरी आले असते. आणि तुमच्यापैकी कुणाच्या आईला, मावशीला "अँजिओ नॉर्मल, टेन्शन घेऊ नका" म्हणून परत पाठवलं असेल आणि तिचा त्रास चालूच असेल, तर पुढे काय तपासायचं ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. वाईटपणा आला तर येऊ दे.

डिस्चार्जनंतर आठ आठवडे व्यायामाचे वर्ग होते. आम्ही चौदा जण, त्यात बायका तिघी. बाकीच्यांना यायला जमत नाही, असं नर्स म्हणाली: कुणाची नातवंडं, कुणाचा आजारी नवरा. (पुरुषांना बरं जमतं.) त्याच नर्सने पहिल्या दिवशी फॉर्म भरताना विचारलं, "बाळंतपणात बीपी वाढलं होतं का?"

मी हसले. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट! आठव्या महिन्यात पाय सुजले होते, बीपी चढलं होतं, लेक तीन आठवडे आधी झाली. ती मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली. एवढ्या वर्षांत त्या बीपीबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. नर्सने सांगितलं की गरोदरपणात असा त्रास झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. गरोदरपणातल्या मधुमेहानेही तो वाढतो. बाळंतपण उरकलं म्हणजे विषय संपला, असं नसतं. अशा बाईने दरवर्षी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघत राहायला हवं. वडिलांना कितव्या वर्षी अटॅक आला हे मला सगळ्या डॉक्टरांनी विचारलं होतं. बाळंतपणाचं पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

त्या रात्री आईला फोन केला. "माझी बाळंतपणाची फाईल आहे का गं अजून?"

आई म्हणाली, ट्रंकेत असेल. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, मोकळी झाली की उतरेल. आणि उतरलंच की. त्यात एवढं काय? "मला तर तुम्हा तिघांच्याही वेळेला चढलं होतं."

आई आता ७८ वर्षांची आहे. जिना चढताना तिला दोनदा थांबावं लागतं, आणि ते वयामुळे, असं आमच्या घरात सर्वानुमते ठरलेलं आहे. मी विचारलं, "आई, तुझा ईसीजी शेवटचा कधी काढला होता?"

"माझा कशाला काढायचाय?" म्हणाली, आणि फोन वहिनीकडे दिला.