रक्सौलच्या तीन रात्री: इंदूरहून चितवनला सोयापेंड नेताना

डिसेंबर २०२४ मध्ये इंदूरच्या एका हॉटेलात व्यापाऱ्यांसाठी भरलेल्या परिसंवादात मला सांगण्यात आले की बिहारमधल्या रक्सौलची सीमा आता पूर्वीची राहिलेली नाही, सगळे कागद संगणकावर आले आहेत आणि सकाळी नाक्यावर लागलेला माल संध्याकाळी नेपाळात असतो. त्या शब्दावर विसंबून मी फेब्रुवारी २०२५ मध्ये सोयापेंडीचे तीन ट्रक नेपाळातल्या चितवनला रवाना केले, मागोमाग भाच्याला घेऊन स्वतःही गेलो आणि त्या ट्रकांपाशी रक्सौलला तीन रात्री काढल्या. शेजारी देशांशी व्यापार वाढवण्यात खासगी क्षेत्राने पुढाकार घ्यावा, असे प्रत्येक व्यासपीठावरून सांगितले जाते. तो पुढाकार घेणाऱ्या लहान व्यापाऱ्याचे पैसे कुठे जातात, ते मागून येणाऱ्यांना कळावे म्हणून हे लिहीत आहे.

छावणी मंडीत आमची आजोबांपासूनची आडत आहे. माळव्यात सोयाबीन रुजल्यापासून आम्ही सोयाबीन आणि तेल काढल्यावर उरणारी पेंड, म्हणजे डीओसी, यांतच आहोत. नेपाळातल्या कोंबडी खाद्याच्या कारखान्यांना पेंड सतत लागते आणि त्यांतले बरेच कारखाने चितवन जिल्ह्यात आहेत. आजवर आमचा माल कोलकात्याच्या एका निर्यातदाराच्या नावाने जात असे. या वेळी पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने, चितवनमधल्या भरतपूरला पोहोच भावाने, म्हणजे तिथवरचा खर्च आमच्याकडे धरून, ७५ टनांचा सौदा केला होता. आयात-निर्यात कोड, जीएसटीचे हमीपत्र, माल कीडमुक्त असल्याचा दाखला आणि उत्पत्ती प्रमाणपत्र तुमच्याकडे आहेत असे मी धरून चालतो. ज्यांच्याकडे ते नसेल, त्यांनी आधी घरचे काम पुरे करावे.

इंदूर-पाटणा गाडीने पाटणा गाठावे आणि तिथून मुझफ्फरपूर, मोतीहारीमार्गे रस्त्याने रक्सौलला जावे. माघात त्या भागात सकाळी दहापर्यंत धुके असते, म्हणून पहाटे निघण्याचा आग्रह धरू नये. रक्सौल गावातून मैत्री पुलावरून नेपाळातल्या वीरगंजला जाणारा टांग्यांचा आणि ई-रिक्षांचा रस्ता माणसांसाठी आहे. मालाचे ट्रक गावाबाहेरच्या एकात्मिक तपासणी नाक्यावर लागतात. रक्सौलचा नाका २०१६ मध्ये सुरू झाला आणि पलीकडचा वीरगंजचा नाका, भारताच्या मदतीने बांधलेला, एप्रिल २०१८ मध्ये. दोन्हीकडे विस्तीर्ण फरशी, वजनकाटे आणि गोदामे आहेत. सरकारांनी त्यांच्या वाट्याचे बांधकाम नीट केले आहे, याबद्दल माझी तक्रार नाही.

आम्ही गुरुवारी, १३ फेब्रुवारीला दुपारी पोहोचलो. नाक्यावर आमच्या मालाच्या नेपाळी प्रवेश परवान्याची मुदत संपलेली असल्याचे सांगण्यात आले. परवान्यावर ‘माघ मसान्त’ अशी मुदत होती. मसान्त म्हणजे महिनाअखेर. आपल्या पंचांगाप्रमाणे त्या वर्षीचा माघ २७ फेब्रुवारीच्या अमावास्येला संपत होता, त्यामुळे इंदूरला आम्ही तो कागद पाहून निश्चिंत झालो. नेपाळचे सरकारी कागद मात्र विक्रम संवताच्या सौर महिन्यांवर चालतात आणि त्यांचा माघ २०८१ हा १२ फेब्रुवारीलाच संपला होता. आमचे ट्रक एका दिवसाने उशिरा आले होते. मराठी माणसाला ही चूक सर्वांत सहज होईल, कारण महिन्यांची नावे आपलीच आहेत आणि तारखा आपल्या नाहीत. नेपाळी कागद हाती येताच त्यातल्या प्रत्येक तारखेशेजारी इंग्रजी तारीख लिहून घ्यावी, आणि ती आयातदाराकडून लेखी कळवून घ्यावी.

मला राग तारखेचा आला नाही. त्या परवान्याची प्रत वीरगंजच्या आमच्या क्लिअरिंग एजंटाकडे, म्हणजे जकातीचे कागद करून देणाऱ्याकडे, आठ दिवस आधीपासून होती. मुदत संपत आहे हे सांगायला त्याला एक फोन पुरला असता. आम्ही विचारले तेव्हा त्याने शांतपणे सांगितले की नूतनीकरणाचे काम निघाले की त्याची वेगळी फी असते. शुक्रवारी अर्ज गेला, शनिवारी नेपाळची साप्ताहिक सुटी, रविवारी तिकडची कार्यालये उघडल्यावर परवाना आला आणि दुपारनंतर ट्रक पलीकडे गेले. त्या रविवारी इकडच्या बँका बंद, म्हणून एजंटाला द्यायची रक्कम मी खिशातल्या रोखीतून आणि भाच्याकडून उसनी घेऊन भागवली. शनिवार तिकडे आणि रविवार इकडे, असे दोन दिवस हातातून जातात, हे लक्षात ठेवून माल सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी नाक्यावर लागेल असा हिशेब करावा. गुरुवारी पोहोचणे म्हणजे रक्सौलच्या लॉजवाल्याची सोय करणे होय.

आता फीविषयी, कारण खरी लूट तिथे आहे. वीरगंजमध्ये प्रत्येक रकमेला आयसी किंवा एनसी, म्हणजे भारतीय चलन की नेपाळी चलन, अशी पुस्ती जोडली जाते. भारतीय एका रुपयाला नेपाळी १.६० रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे त्यात चढउतार नाही. एजंटाने फोनवर ट्रकमागे ‘आठ हजार’ सांगितले होते. वीरगंजचा माणूस वीरगंजच्या कामाचे बोलतो आहे, तर ते एनसी, म्हणजे आपले ५,००० रुपये, असे मी समजलो. बिल आले तेव्हा ते आयसी होते. तीन ट्रकांवर ९,००० रुपयांचा फरक पडला, आणि माल पलीकडच्या आवारात उभा असताना वाद घालण्याची ताकद कोणाच्याच अंगात नसते. ट्रकवाल्याचे हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे भाडे, दिवसाला २,००० प्रमाणे तीन ट्रकांचे, तीन दिवसांचे १८,००० झाले. एकूण २७,००० रुपये, म्हणजे टनामागे ३६०. या सौद्यात मला टनामागे ४५० सुटणार होते. उरलेल्या नव्वदमध्ये माझे आणि भाच्याचे भाडेही निघाले नाही.

म्हणून रक्कम कधीही नुसत्या आकड्यात मान्य करू नये. ‘एनसी ८,०००, परवान्याचे नूतनीकरण, प्रज्ञापनपत्र (नेपाळी जकातीचे घोषणापत्र) आणि क्वारंटाइनचे काम धरून’ असे पूर्ण वाक्य मोबाइलवर लिहून घ्यावे. जो एजंट ते लिहून देत नाही, त्याच्याकडे माल देऊ नये, मग तो कोणाच्याही ओळखीचा असो.

त्या तीन रात्रींत जे पाहिले त्याने मी अधिक अस्वस्थ झालो. आमची पेंड अडकलेली असताना समोरून, नेपाळातून भारतात, खाद्यतेलाचे टँकर येत होते. आवारातल्या चालकांशी बोललो. त्यांत रिफाइंड सोयातेल होते. नेपाळात इतके सोयाबीन पिकत नाही. कच्चे तेल समुद्रापारच्या देशांतून कोलकात्याच्या बंदरावर उतरते, आपल्याच भूमीवरून नेपाळला जाते, तिथे शुद्ध होते आणि शुल्काविना भारतात परत येते. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण आयातशुल्क २७.५ टक्क्यांवर आणि रिफाइंडवरचे ३५.७५ टक्क्यांवर नेले, तेव्हापासून हा फेरा फार फायद्याचा झाला. साफ्ता, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, याच्या नियमाप्रमाणे नेपाळसारख्या अल्पविकसित देशाच्या मालात किमान ३० टक्के मूल्य तिथे भरलेले असावे लागते. कच्चे तेल नुसते शुद्ध केल्याने तेवढे मूल्य कसे भरते, हा प्रश्न इंदूरच्या सोयाबीन प्रक्रियादारांच्या संघटनेने सरकारकडे जाहीरपणे मांडलेला आहे आणि तो रास्त आहे. त्याच हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना आमच्या मंडीत शेतकरी त्याहून कितीतरी खाली सोयाबीन विकून जात होता.

नेपाळातल्या उद्योजकाला मी यात दोष देणार नाही. दोन देशांच्या शुल्कांमध्ये एवढी दरी ठेवली की तिथून पाणी वाहणारच, आणि इकडे ते तेल विकत घेणारेही आपलेच व्यापारी आहेत. पण याला प्रादेशिक सहकार्य म्हणता येत नाही. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेले. जो व्यवहार अशा एका अधिसूचनेने उभा राहतो, तो दुसरीने बसतो. चितवनच्या कोंबड्यांना लागणारी पेंड ही खरी गरज आहे आणि ती कोणत्याही अधिसूचनेने संपत नाही. फाटकावर मात्र गरजेचा माल तीन दिवस थांबला.

नाक्यापासून भरतपूरपर्यंतचा रस्ता चांगला आहे, त्यावर फार लिहीत नाही. सिमरा आणि पथलैया ओलांडून हेटौड्याकडे जाताना मात्र खिडकीतून बाहेर लक्ष ठेवावे. आयटीसीच्या भागीदारीतली सूर्य नेपाळ ही कंपनी सिमऱ्याला आहे, युनिलिव्हर नेपाळचा कारखाना हेटौड्याजवळ बसामाडीत आहे, आणि याच पट्ट्यातल्या ‘बारा’ नावाच्या जिल्ह्यात डाबर नेपाळचे फळांचे रस तयार होऊन भारतात येतात. उलट दिशेने नेपाळच्या चौधरी समूहाचे वाईवाई नूडल्स सिक्कीममध्ये रंगपोला बनतात. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली, २०१५ मध्ये थिंफूला सही झालेला चार देशांचा मोटार वाहन करार भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने नाकारला, आणि जागतिक बँकेच्या हिशेबाने दक्षिण आशियाच्या एकूण व्यापारातला आपसातला हिस्सा पाच टक्क्यांच्या आसपासच राहिला. तरी हे कारखाने चालू आहेत, कारण त्यांच्यामागे पगारी माणसे सीमेवर बसवण्याइतके भांडवल आहे. माझ्यासारख्याचा माणूस तिथे कोणीच नसतो.

भरतपूरला आयातदाराने दोन दिवस उत्तम पाहुणचार केला. नारायणीच्या काठची संध्याकाळ आणि सौराहाचे जंगल हवे त्यांनी पाहावे. कामाचे एवढेच की तो म्हणाला, “दादा, भाव तुम्ही म्हणाल तो देईन, पण माल कोणत्या तारखेला पोहोचेल ते खात्रीने सांगा.” त्याच्याकडे पेंड संपली की गिरणी बंद पडते आणि कोंबड्या उपाशी राहत नाहीत, दुसऱ्याचे खाद्य खातात.

परतताना नकाशा पाहून मी चूक केली. भरतपूरहून बुटवलमार्गे सीमेवरच्या सुनौलीला उतरले की गोरखपूर आणि तिथून घर जवळ, असे वाटले, आणि पुढचा माल याच वाटेने आणावा का हेही पाहायचे होते. नारायणगढ-बुटवल रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम २०१९ पासून चालू होते आणि दाउन्नेचा घाट त्यात अर्धवट उकरून ठेवलेला होता. कोरड्या फेब्रुवारीतही धुळीने पुढची गाडी दिसत नव्हती आणि एका वळणावर आम्ही दोन तास जागचे हललो नाही. पावसाळ्यात तिथे चिखलात ट्रक फसतात, असे बसमधल्या प्रत्येकाने सांगितले. दाउन्नेवरून भरलेला ट्रक नेऊ नये. रस्ता पूर्ण झाल्याचे स्वतः पाहिल्याशिवाय सुनौलीचा विचार करू नये. अंतर कमी दिसते, पण ते इंदूरच्या टेबलावर.

घरी आल्यावर मी मंडीतल्या, मला धरून अकरा डीओसी व्यापाऱ्यांना एकत्र बसवले. प्रत्येकाने आपापला एजंट गाठण्याऐवजी सर्वांनी मिळून रक्सौलला एक पगारी माणूस ठेवावा, त्याने परवान्याच्या तारखा पाहाव्यात, दर लिहून आणावेत आणि ते दर आम्ही सगळ्यांसमोर मंडीत लावावेत, असे ठरवले. चौघे मागे हटले. आपला दर दुसऱ्याला कळू नये, हे त्यांचे कारण होते. वीरगंजचा एजंट आमच्या याच सवयीवर जगतो. सात जण राहिलो. पुढची पायरी रेल्वेची आहे: वीरगंजच्या सिर्सियाच्या कोरड्या बंदरापर्यंत, म्हणजे जमिनीवरच्या कंटेनर तळापर्यंत, रूळ २००४ पासून आहेत, आणि जुलै २०२१ मध्ये रेल्वे करारात दुरुस्ती होऊन सरकारी कंपनीखेरीज खासगी कंटेनर गाड्यांनाही तिथे माल नेण्याची मुभा मिळाली. एकट्याला गाडी भरत नाही, सात जणांना हंगामात भरू शकेल, आणि पिथमपूरजवळचा टिहीचा कंटेनर डेपो आम्हाला लांब नाही. त्याची चौकशी चालू आहे.

एप्रिलमध्ये सातांपैकी तिघांचे मिळून पाच ट्रक गेले. आमचा माणूस सोमवारी नाक्यावर हजर होता, परवान्यावर ‘वैशाख मसान्त’शेजारी १४ मे असे पेनाने लिहिलेले होते, आणि ट्रक मंगळवारी दुपारी पलीकडे गेले. एजंट दुसरा होता. बिल एनसीमध्येच आले.