भाताऐवजी तण उपटायचं होतं

"अक्का, दंडाला पट्टा लावला की बीपी १२०/८० येतंय, मग फुप्फुसाचं बीपी कुठनं आलं? इम्युनिटी कमी पडली काय?" खानापूरच्या बाजारात भाजी घेताना हे हमखास विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

इम्युनिटी कमी नव्हती, ती चुकीच्या जागी राबत होती. भांगलायला आलेल्या बायकांनी तण सोडून भातच उपटावं, तसं. मला स्क्लेरोडर्मा आहे. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते, तो आजार. थंडीत हौदाच्या पाण्यात हात घातला की माझी बोटं आधी पांढरी, मग निळी पडायची. आई म्हणायची, अंगात रक्त कमी आहे. पुढं राजहंसगड चढताना धाप लागायला लागली, तेव्हा मीच वयावर ढकललं. ती चूक मला अजून टोचते.

दंडाचा पट्टा मोजतो तो शरीरभरच्या धमन्यांचा दाब. फुप्फुसातल्या धमन्या वेगळ्या, पातळ भिंतीच्या. तिथला सरासरी दाब १४ च्या आसपास असतो, २० च्या वर गेला की वाढलेला धरतात. माझ्यासारखीच्या त्या बारीक धमन्यांभोवती मॅक्रोफेज, टी आणि बी या प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होतात, इंटरल्यूकिन-६ सारखी सूज आणणारी रसायनं सोडतात. भिंत जाड होत जाते, आतली वाट अरुंद होते आणि हृदयाची उजवी बाजू ढकलून ढकलून थकते. या पेशींना आवरणाऱ्याही काही टी पेशी असतात, शेतातल्या मुकादमासारख्या. त्यांचाच वचक कमी पडतो.

सगळ्यांचं असंच नसतं. कुणाला हृदयाच्या डाव्या बाजूमुळं होतं, कुणाला गुठळ्यांमुळं, कुणाला जनुकातल्या दोषामुळं. म्हणून माझी गोळी दुसऱ्याला देऊ नका.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं का नाहीत, असंही विचारतात. ल्युपस हाही प्रतिकारशक्ती उलटण्याचाच आजार, त्याच्या रुग्णांना ती कधीकधी या दाबावरही लागू पडतात, स्क्लेरोडर्मावाल्यांना सहसा नाही. मला धमन्या सैल करणाऱ्या गोळ्या आहेत. शेजारच्या काकू इम्युनिटी वाढवायचा काढा मायेनं आणतात. मी हात जोडून परत देते, कारण राबणारे हात माझ्याकडं कमी नाहीतच.

बोटं पांढरी पडणाऱ्या बहुतेकांना पुढं काही होत नाही. पण परवा कोथिंबीर धुणाऱ्या पोरीची बोटं तशीच दिसली. मी जुडी घेतली आणि विचारलं, "बाई गं, कातडी ताठरल्यासारखी वाटते काय? चढ चढताना दम लागतो?" ती म्हणाली, "जरा लागतो." मग मी तिथंच पोत्यावर बसले आणि तिला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कशी असते ते सांगायला लागले.