तुम्ही विचारलंत म्हणून: मुक्या फिल्मचा तास

"मॅडम, ज्या फिल्ममध्ये कुणी एक शब्द बोलत नाही, ती दाखवून इंग्रजी कसं येणार?" पालकसभेत विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात, परवा कळव्याच्या भाजीबाजारातही विचारलं. आज एकदाच सविस्तर सांगते.

कुणी बोलत नाही, म्हणूनच दाखवते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आमच्या मराठी माध्यमाची मुलं आठवीत येतात तेव्हा सात वर्षं इंग्रजी लिहून झालेलं असतं, तोंडातून मात्र 'मे आय कम इन'च्या पुढे काही निघत नाही. पडद्यावर कुणी फाडफाड बोलू लागलं की ती आणखी दबतात.

'पायपर' ही पिक्सार या अमेरिकन स्टुडिओची २०१६ ची ॲनिमेशन फिल्म, सहा मिनिटांची. किनाऱ्यावरच्या पक्ष्याचं पिल्लू आणि लाट. असे चिमुकले पक्षी आमच्या खाडीच्या चिखलातही ओहोटीला तुरुतुरु धावतात, त्यामुळे मुलांना ते परके वाटत नाहीत. लाट आली की मी पॉज करते आणि विचारते, व्हॉट नेक्स्ट?

त्या दिवशी तपासणीला आलेले साहेब मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. अंधार व्हावा म्हणून खिडकीला माझी ओढणी बांधलेली. पॉज केलं. शेवटच्या बाकावरचा, वर्षभरात एकदाही तोंड न उघडलेला मुलगा आपण होऊन उभा राहिला. "वॉटर कमिंग. ऑल रन. स्मॉल नॉट रन."

आणि मी म्हणाले, "वॉटर इज कमिंग. पुन्हा म्हण."

"वॉटर इज..." तो अडला. पोरं हसली. तो खाली बसला. पिल्लाचं पुढे काय झालं ते त्याने पाहिलंच नाही, मान खाली होती. मार्चपर्यंत तो वर्गात पुन्हा बोलला नाही. त्याचं घर खाडीलगत आहे, पावसात पाणी आत शिरतं, हे मला नंतर कळलं. लाटेचं सांगत होता की घरातल्या पाण्याचं, ते आता कुठल्या तोंडाने विचारू?

साहेब होते म्हणून झालं, असं मी बरेच दिवस म्हणत असे. खरं नाही ते. नसते तरी टोकलं असतं.

यावर माझ्यातलीच जुनी बाई सुनावते: वार्षिक परीक्षेत चित्र पाहून त्याने 'द वॉटर इज कमिंग' अचूक लिहिलं, विसरलीस? नाही विसरले. पूर्ण मार्क मीच दिले. मग चुका सुधारायच्या तरी कधी, हा तिचा प्रश्न खोटा नाही. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही.

हल्ली पॉजवर कुणाला टोकत नाही. जे वाक्य येईल ते तसंच फळ्यावर लिहिते आणि फिल्म पुन्हा लावते. कधी मुलंच 'इज' घालतात. कधी घालत नाहीत, घंटा होते, वाक्य तसंच राहतं. पुढच्या तासाचे सर फळ्याकडे बघून विचारतात, "हे तुम्ही लिहिलंत?"

हो. मीच लिहिलं.