दोन चांगली तेलं, एक चोक झालेला फिल्टर

डिसेंबरातली गोष्ट आहे. पहाटे सहाला फोन, प्लांट बंद. मी यवतमाळ जिल्ह्यात एका हॉट मिक्स प्लांटच्या (गरम गिट्टी आणि डांबर मिसळून रस्त्याचा माल बनवतो तो) लॅबमध्ये असतो, म्हणजे गिट्टी चाळणे, डांबराचं पेनिट्रेशन (सुई किती खोल रुतते, म्हणजे डांबर किती मऊ) बघणे, मिक्समधून डांबर धुऊन किती टक्के निघतं ते काढणे असली कामं. बर्नर काही माझा विषय नाही. पण बर्नर पेटला नाही तर गिट्टी सुकत नाही, गिट्टी सुकली नाही तर मिक्स निघत नाही, आणि तिकडे साइटवर पेव्हर, रोलर आणि वीस-पंचवीस माणसं शेकोटी करून बसलेली, मग सगळे विषय सगळ्यांचेच होतात.

बर्नरच्या तेलाचा फिल्टर उघडला तर जाळीवर काळा चिखल. आदल्याच संध्याकाळी साफ केलेला फिल्टर. ऑपरेटर भाऊनी टँकरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मी पण मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या, भेसळच असणार असं वाटलं.

झालं असं होतं की बर्नरच्या टाकीत अर्धी टाकी जुनं फर्नेस ऑइल, म्हणजे बर्नरमध्ये जाळायचं जड तेल होतं. थंडीत ते काकवीसारखं घट्ट होतं, सकाळी सकाळी पंप उचलतच नाही, म्हणून दुसऱ्या सप्लायरकडून हलकं, डिझेलसारखं पातळ तेल मागवलं आणि त्याच टाकीत ओतून दिलं, पातळ होईल म्हणून. लॉजिक बरोबरच वाटतं ना? ऑपरेटर भाऊ मला तेच विचारून राहिले, "सर, पातळ तेल टाकल्यावर तं तेल पातळच व्हायले पाह्यजे, मंग हा गाळ कायचा?"

उत्तर मला तेव्हा आलं नाही. बीएस्सीला कोलॉइड (द्रवात न विरघळता तरंगत राहणारे बारीक कण) शिकलो होतो पण ते परीक्षेपुरतं. दोन्ही तेलांचे सॅम्पल बाटलीत भरले आणि रात्री बसून वाचलं.

फर्नेस ऑइल किंवा डांबर म्हणजे रिफायनरीत पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर खाली उरलेला जड माल. तो दिसायला एकजीव दिसतो, पण आत अस्फाल्टीन नावाचा एक प्रकार असतो. हे नाव १८३७ मध्ये बुसँगो या फ्रेंच केमिस्टने दिलं. गंमत अशी की त्याची व्याख्या फॉर्म्युल्याने होत नाही, वागण्यावरून होते: हेप्टेनमध्ये (साखळीवाला द्रव) विरघळत नाही आणि टोल्युइनमध्ये (बेंझिनसारख्या कडीवाला द्रव) विरघळतं ते अस्फाल्टीन. डांबरात साधारण ५ ते २५ टक्के असतं. रेणू म्हणजे बेंझिनसारख्या कड्यांचे चपटे पत्रे, कडेला लोंबणाऱ्या साखळ्या, त्यात गंधक, नायट्रोजन, सोबत थोडं निकेल आणि व्हॅनेडियम. चपटे असल्यामुळे एकमेकांवर थप्पी लागते, भाकरी एकावर एक ठेवाव्या तशी.

१९२४ मध्ये नेलेनस्टाइन या डच संशोधकाने सांगितलं की डांबर हे कोलॉइड आहे, म्हणजे हे कण तेलात तरंगते राहतात. १९४० मध्ये फायफर आणि साल या दोन संशोधकांनी ते चित्र आणखी नीट मांडलं, मधे अस्फाल्टीन, भोवती रेझिनचं (अस्फाल्टीन आणि तेल यांच्या मधल्या जातीचा चिकट भाग) आवरण, मग सुगंधी तेलं, मग साधी साखळीवाली तेलं. (सुगंधी म्हणजे ॲरोमॅटिक, बेंझिनसारख्या कड्यांची, वास मात्र कोणी घेऊ नका.) पुढे रेझिनच्या आवरणाबद्दल वाद झाले. आणि एक मला फार आवडलेली गोष्ट, अस्फाल्टीनच्या रेणूचं वजन खूप वर्षं हजारोंमध्ये, कधी लाखांत मोजलं जायचं, आता ते साडेसातशेच्या आसपास धरतात. म्हणजे हे लोक जत्रेतल्या गर्दीचा काटा करत होते आणि एका माणसाचं वजन सांगत होते! रेणू लहानच, पण ते सहा-सात जण चिकटून दोनेक नॅनोमीटरची गठडी करतात, मग अशा गठड्यांची आणखी पाचेक नॅनोमीटरची.

आता आपला चिखल. ही गठडी तेलात टिकून राहते कारण भोवतीचं तेल तिच्या जातीचं असतं, ॲरोमॅटिक. त्यात साखळीवालं, पॅराफिनी तेल ओतलं की भोवतीची सोबत बदलते, गठड्या एकमेकींना बिलगतात, मोठ्या होतात आणि खाली बसतात. तेल पातळ होतं, खरंच होतं, पण जे विरून होतं ते बाहेर पडतं. आंघोळीच्या बादलीत डेटॉल टाकलं की दोन्ही स्वच्छ असून पाणी दुधी होतं, तसंच काहीसं, फक्त तिथे थेंब तयार होतात आणि इथे घट्ट कण.

त्यातही रिफायनरीत जास्त माल काढण्यासाठी हा जड भाग तापवून फोडतात, त्याला व्हिसब्रेकिंग म्हणतात. तसं तेल जास्त नाजूक. कारण फोडताना अस्फाल्टीनच्या साखळ्या तुटतात, उरतात नुसते पत्रे, आणि सांभाळून धरणारा मधला भाग, म्हणजे रेझिन, कमी होतो. आमचं जुनं तेल तसलं होतं की नाही ते मला सांगता येणार नाही, बिलावर कोणी असलं लिहीत नाही.

जहाजवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनात गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आली आणि वेगवेगळी तेलं मिसळून इंधन बनायला लागलं, तेव्हापासून दोन बंदरांतलं तेल एका टाकीत घ्यायचं नाही हे ते जपतात. आम्ही साधे गिट्टीवाले, आम्हाला कोण सांगणार.

त्यांची एक टेस्ट मात्र आमच्याकडेही होण्यासारखी निघाली. तेल गरम करून फिल्टर पेपरवर एक थेंब टाकायचा, पेपर १०० डिग्रीच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवायचा आणि डाग बघायचा. एकसारखा तपकिरी पसरला तर ठीक. आत गडद गोल वर्तुळ राहिलं तर गाळ बसतोय. डागाला १ ते ५ नंबर देतात, १ म्हणजे एकदम स्वच्छ. फिल्टर पेपर माझ्याकडे होतेच, डांबर काढायला लागतात ते, आणि ओव्हन गिट्टी सुकवायचा. जुनं तेल एकटं: डाग साफ. नवं तेल एकटं: त्याहून साफ. दोन्ही अर्धं-अर्धं: मधोमध काळी टिकली, दुरून पण दिसावी अशी. पेपर ऑपरेटर भाऊंना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे टँकरवाला निर्दोष हाय काय?" बराचसा निर्दोष, हो.

सगळ्यात वाईट वाटलं ते टाकीचं. दोन पोट्टे हवा खेळायला सोडून मग आत उतरले, खुरप्याने गाळ ओढून काढला, कपडे गेलेच. एकाने रॉकेलने हात घासले, चिकटपणा गेला पण बोटांच्या रेघांत काळं तसंच. रॉकेलही शेवटी जास्त करून पॅराफिनीच. मग पेंटरच्या डब्यातलं थिनर आणलं, त्यात टोल्युइन असतं, कापडावर घेऊन एकदा फिरवलं आणि हात साफ. पोट्टा हसला, मी त्याला आधी साबणाने धू आणि थिनर परत हाताला लावू नको म्हणून रागावलो.