चर्च यांच्या चित्रातला ध्रुवीय प्रकाश

आई-बाबा सोलापूरहून वॉशिंग्टनला आले, तेव्हा मी त्यांना स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये मुख्यतः एका चित्रासाठी घेऊन गेले. अमेरिकन निसर्गचित्रकार फ्रेडरिक एडविन चर्च यांनी १८६५ मध्ये रंगवलेले ‘अरोरा बोरिॲलिस’ (म्हणजे उत्तर ध्रुवीय प्रकाश) हे तैलचित्र दोन मीटरांहून अधिक रुंद आहे. काळोख्या आर्क्टिक आकाशात तांबड्या, पिवळसर आणि हिरवट प्रकाशाच्या कमानी आहेत. त्यांच्याखाली एक उंच डोंगर आणि बर्फात अडकलेले एक लहानसे जहाज दिसते.

चित्र पूर्ण झाले त्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, आणि त्या काळच्या प्रेक्षकांनी या प्रकाशात अरिष्टाचा दैवी संकेत पाहिला, असा त्याचा प्रचलित अर्थ आहे. शेंडेनक्षत्र दिसले की राज्यावर संकट येते, असे मानणाऱ्या आपल्या लोकांना तो सहज पटेल. मला मात्र तो अपुरा वाटतो. डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईनंतर रणभूमीवरून असाच प्रकाश दिसला, तेव्हा ती लढाई जिंकलेल्या, यादवीतील दक्षिणेकडील राज्यांच्या सैनिकांना आकाश आपला विजय साजरा करत आहे असे वाटले होते.

तरीही अनेकांना या प्रकाशात अरिष्ट दिसले, त्या भीतीत रंगाचाही वाटा असावा. ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश साधारण १०० ते २०० किलोमीटर उंचीवर आणि तांबडा त्याहून वर निर्माण होतो. त्यामुळे फार दक्षिणेकडून पाहणाऱ्याला पृथ्वीच्या वक्रतेमुळे बहुधा वरचा तांबडा पट्टाच दिसतो. मे २०२४ मध्ये लडाखमधील हानले येथून दिसलेले आकाशही असेच तांबडे होते. युद्धाच्या वर्षांत ज्यांनी तसे आकाश पाहिले, त्यांना त्यात रक्त दिसले तर नवल नाही.

बाबा मात्र बराच वेळ चित्राच्या खालच्या भागाकडेच पाहत होते. शेवटी त्यांनी विचारले, “अगं, ही कुत्र्यांची गाडी जहाजाकडे येतेय, की जहाज सोडून चाललीय?”

माझ्या मते चित्राचा अर्थ याच प्रश्नापाशी उलगडू लागतो. स्लेज जहाजाकडे येत आहे आणि जहाजाच्या खिडकीत दिवा आहे, म्हणजे आत माणसे जिवंत आहेत. हे जहाज आर्क्टिक संशोधक आयझॅक इझ्रायल हेज यांच्या १८६०-६१ च्या आर्क्टिक मोहिमेतले असून चित्रासाठी चर्च यांनी हेज यांच्याच रेखाटनांचा आधार घेतला. मागच्या डोंगराला हेज यांनी आपल्या या चित्रकार मित्राचे नाव दिले होते. त्याच हिवाळ्यात स्लेजने निघालेले मोहिमेतील खगोलशास्त्रज्ञ ऑगस्ट सोन्टाग वाटेतच मृत्यू पावले. जहाज मात्र बर्फातून सुटले आणि १८६१ मध्ये परत आले. मोहिमेची ही हकिकत ज्या प्रेक्षकांना ठाऊक होती, त्यांना या चित्रात केवळ विनाश दिसला असेल, असे मला वाटत नाही.