पट्टा का बांधत नाही, असे तुम्ही विचारलेत म्हणून

गाडी दुरुस्तीला घेऊन येणारे ग्राहक, नातेवाईक, इतकेच काय पण नव्याने कामाला लागलेल्या मुलांचे आईवडीलसुद्धा मला हटकून एकच प्रश्न विचारतात: तुमची कंबर एकदा चांगलीच धरली होती, तरी गॅरेजात काम करताना तुम्ही कमरेला पट्टा का बांधत नाही, आणि हाताखालच्या मुलांनाही तो का देत नाही? आजवर मी हसून वेळ मारून नेत आलो. अलीकडे मात्र विचारणाऱ्याच्या सुरात मी मुलांच्या तब्येतीची पर्वा करत नाही असा आरोप असतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी पट्ट्याविषयी. दुखण्याने जखडलेल्या माणसाला डॉक्टरांनी काही दिवसांसाठी पट्टा दिला असेल, तर त्यात नाक खुपसण्याचा मला अधिकार नाही. मी बोलतो आहे ते धडधाकट माणसाने कंबर दुखू नये म्हणून बांधलेल्या पट्ट्याबद्दल. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या नायॉश या अमेरिकी सरकारी संस्थेने १९९४ मध्येच सांगितले होते की, पट्ट्यामुळे निरोगी कामगाराची दुखापत टळते असे म्हणण्याइतका पुरावा नाही. त्याच संस्थेने पुढे १६० दुकानांतील, माल हलवण्याचे काम करणाऱ्या नऊ हजारांहून अधिक कामगारांची पाहणी केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत नेमाने पट्टा बांधणारे आणि न बांधणारे यांच्या कंबरदुखीत फरक दिसला नाही. ते कामगार मेकॅनिक नव्हते हे मलाही कळते. पण नेमाने पट्टा वापरूनही जिथे खोकी उचलणाऱ्यांना फायदा दिसला नाही, तिथे तो मेकॅनिकला होईल असे मी कशाच्या आधारावर मानावे?

एवढे ऐकून घेतल्यावर लोक म्हणतात, मग निदान गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून वजन उचलायला तरी शिकवा. ते मी शिकवतो, आणि त्यात तथ्यही आहे. जर्मनीत एका माणसाच्या कमरेतील दोन मणक्यांमधल्या चकतीत दाबमापक बसवून घेतलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदी पाहा: २० किलो वजन पाठीतून वाकून उचलताना चकतीवरचा दाब २.३ मेगापास्कल होता, गुडघे वाकवून उचलताना १.७ होता, आणि तेच वजन छातीशी धरून उभे राहिल्यावर १.१ वर आला. पण बोनेटखाली हात घातलेल्या माणसाने गुडघे वाकवायचे कुठे? पुढे बंपर आडवा येतो आणि बॅटरी तर काही गाड्यांत पार मागे, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला, चिकटून बसलेली असते. नायॉशचेच वजन उचलण्याचे सूत्र आहे. सगळे अनुकूल असताना, म्हणजे वजन कमरेच्या आसपासच्या उंचीवर, अंगालगत आणि समोर असताना, ते २३ किलोंपर्यंत मुभा देते. तेच वजन घोट्यांपासून अर्धा मीटर पुढे गेले की मुभा निम्मी होऊन साडेअकरा किलोंवर येते, आणि कंबर पिळलेली असेल तर त्याहूनही खाली. साध्या मोटारीची बॅटरी पंधरा किलोंच्या आसपास असते. उचलण्याचे प्रशिक्षण दिल्याने कंबरदुखी टळत नाही, असा निष्कर्ष संशोधनाच्या एकाहून अधिक आढाव्यांनी काढला तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

आता माझ्या कंबरेविषयी, कारण तुमच्या प्रश्नाचा सगळा रोख तिच्यावरच असतो. त्या दिवशी सकाळी आम्ही क्लचप्लेट बदलण्यासाठी एक गिअरबॉक्स उतरवला होता. तो लिफ्टवर, गिअरबॉक्स जॅक लावून, दोघांनी मिळून, कसलीही ओढाताण न करता उतरवला. त्यानंतर मी दुसऱ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली ब्लोअर मोटर, म्हणजे एसीची हवा आत फेकणारी मोटर, काढायला शिरलो. हे काम ज्यांनी केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको: डोके पायांच्या जागेत, पाठीचा मधला भाग दाराच्या उंबऱ्याच्या धारेवर, एक पाय बाहेर जमिनीवर, दातात टॉर्च, आणि डोळ्यांना न दिसणारा स्क्रू बोटांनी चाचपत शोधायचा. शेवटचा स्क्रू फिरता फिरेना. मी मध्ये उठलो नाही, कारण एकदा बाहेर आले की पुन्हा त्या सापटीत अंग घालणे हाच या कामातला सर्वांत नकोसा भाग असतो. बऱ्याच वेळाने मोटर हातात घेऊन बाहेर आलो, ती बाकावर ठेवली, आणि मांडीवरून घरंगळून चाकापाशी गेलेला दहाचा सॉकेट, म्हणजे बोल्ट फिरवायची मूठभरही नसलेली टोपी, उचलायला वाकलो.

सॉकेटपर्यंत हात पोहोचलाच नाही. कंबरेत कळ आली आणि दोन्ही पायांतला जोर गेला. मी मडगार्ड धरले, ते तेलकट होते, हात निसटला आणि गुडघ्यांवर बसलो. ना पुढे वाकता येत होते, ना मागे सरळ होता येत होते. मुले धावत आली, आणि त्यांतल्या एकाने मला काखेत धरून उठवायला सुरुवात केली तेव्हा मी त्याला अशी शिवी हासडली की तो आजही तिची आठवण काढतो. मग कोणीतरी शहाणपणाने चाकांची ट्रॉली आणली, मी कुशीवर होत तिच्यावर आडवा झालो, आणि आपण रोज जिच्यावर पडून गाडीखाली शिरतो तिच्यावरूनच बाकापर्यंत गेलो.

संध्याकाळपर्यंत सगळीकडे बातमी पसरली की मी गिअरबॉक्स उचलताना पडलो. दवाखान्यात मी सॉकेटबद्दल सांगत असताना कागदावर मात्र वजन उचलल्याने, असे लिहिले गेले. एमआरआयमध्ये एक चकती फुगलेली दिसली आणि सगळ्यांचे समाधान झाले. माझे झाले नाही. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली आला, त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांच्या चकत्या अशाच फुगलेल्या होत्या. मी काहीही चुकीचे उचलले नव्हते, हे मी आजही ठासून सांगतो.

मग झाले काय? कॅनडातील एका प्रयोगात, १९९२ साली, माणसांना वीस मिनिटे पूर्ण वाकवून बसवले. उठल्यावर दोन मिनिटांनी कण्याचा मूळचा ताठपणा निम्माच परत आला होता, आणि काहींचा कणा अर्ध्या तासानंतरही सैल होता. माझ्या कंबरेचेही तेच झाले असावे. म्हणून डॅशबोर्डखालून किंवा बोनेटखालून बाहेर आलेल्या मुलाला मी लगेच काही उचलू देत नाही. आधी चालून ये, जॉबकार्ड भर, हत्यारे पूस, मग चाक काढ. ग्राहकाला तो रिकामा हिंडताना दिसतो आणि माझ्याकडे तक्रार येते, ती मी ऐकून घेतो. बाकीचा जोर गाडीच्या उंचीवर आहे: चाके आणि ब्रेकचे काम लिफ्टवर छातीच्या खाली आणून करायचे, ते जमिनीवर उकिडवे बसून करायचे नाही. लिफ्ट मोकळी नसेल तर गाडीखाली घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे स्टँड, लावून, चाकाच्या बुटक्या स्टुलावर बसून करायचे. व्यायामाचेही सांगतो, कारण संशोधनाच्या २०१६ च्या एका आढाव्यात कंबरदुखी टाळण्यात व्यायाम उपयोगी ठरला, आणि पट्टा ठरला नाही. पण दिवसभर पाने मारून घरी गेलेला मुलगा व्यायाम करतो की नाही, हे मी कसे बघणार?

तिशीतला मी आज समोर आला तर या सगळ्यावर हसेल. लिफ्ट मोकळी व्हायची वाट पाहिली तर दिवसाच्या गाड्या संपणार कशा, असे तो विचारेल, आणि मला त्याला गप्प करता येणार नाही. शिवाय तो हेही दाखवून देईल की लिफ्टखाली दिवसभर हात वर करून काम करणाऱ्यांचे खांदे आणि मान दुखते. ते खरे आहे. आमच्याकडे कंबरेच्या तक्रारी कमी झाल्या असे मला वाटते, पण खांद्याच्या वाढल्या की काय, अशी शंका मला येते. माझी स्वतःची कंबरही मधूनमधून धरते. ती चालण्याने सुटते की आपली आपणच सुटते, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पायात बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग सुन्न झाला, तर मात्र वाट न पाहता थेट इस्पितळात जायचे, एवढे प्रत्येक मुलाला पाठ आहे.

डॅशबोर्डखालच्या कामाला मात्र मला अजून धड उपाय सापडलेला नाही. पुढची सीट काढली तर पाठ टेकवून सरळ पडता येते आणि काम निम्म्याने सोपे होते. पण सीटखाली एअरबॅगच्या वायरी असतात, त्यासाठी बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबावे लागते, चार बोल्ट काढून पुन्हा ठरल्या टॉर्कने घट्ट करावे लागतात, आणि या वेळेचे पैसे बिलात लावले की ग्राहक विचारतो, ब्लोअर बिघडला असताना सीट कशाला काढली? मी सीट काढायला लावतो. घाईच्या दिवशी मुले ती काढत नाहीत, आणि मला कळले तरी मी दरवेळी बोलतोच असे नाही.