माउली परभणी

आपल्याकडे नवीन माणूस भेटला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला आडनाव विचारतात आणि आडनावावरून नाही कळलं तर 'मूळचे कुठले?', म्हणजे कसंही करून जात कळलीच पाहिजे. पुण्यात भाड्याने फ्लॅट शोधताना मी हे इतक्यांदा ऐकलंय की माउलींच्या पालखीबरोबर निघतानाही धाकधूक होती, दिंडीत पण हेच विचारतील.

कोणी विचारलंच नाही. आमची दिंडी रथामागची, बहुतेक लोक परभणीकडचे. भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याचे पैसे देताना नाव लिहून घेतलं तेवढंच, त्यानंतर मी माउली. टँकरवाला माउली, बंदोबस्तातला पोलीस माउली, गर्दीत अडले तरी 'सरका माउली'.

पुणे ते सासवड टप्पा सगळ्यात मोठा, तीसेक किलोमीटर आणि त्यात दिवे घाट. रात्री तंबूत बघते तर दोन्ही टाचांना हे एवढाले फोड. शेजारची आजी डोक्यावर तुळस घेऊन चालणारी, सत्तरीच्या पुढची असेल, पिशवीतून सुई-दोरा काढून म्हणाली पाय दे. मी पाय मागे घेतला, एवढ्या मोठ्या बाईने माझ्या पायाला हात लावायचा म्हणजे कसंतरीच वाटलं. "लाजायलीस काय माउली, दे इकडं." काडी पेटवून सुई तापवली, दोरा फोडातून आरपार काढला आणि दोन्हीकडे बोटभर ठेवून तोडला, म्हणजे पाणी रात्रभर दोऱ्यावाटे झिरपतं आणि कातडी निघत नाही. वरून खोबरेल लावलं. आणि मग माझ्याच पायाला हात लावून नमस्कार केला. मला रडूच आलं, खरंच सांगते. कोण कुठली मी, काय माहीत होतं तिला माझ्याबद्दल?

अजून एक गोष्ट मनात बसलीये ती समाज आरतीची. मुक्कामाला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार दंड वर करतात आणि एवढा मोठा जमाव क्षणात गप्प. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, मग तिथं जाऊन तक्रार ऐकतात. मला हे फार आवडलं, गप्प न बसण्याचीसुद्धा रीत आहे.

सगळं आधीपासून असंच होतं असं नाही हां. आमचे विणेकरी बाबाच म्हणाले, पूर्वी एकाच दिंडीत जातीजातीच्या पंगती वेगळ्या बसायच्या. चोखोबांची समाधी तर देवळाच्या बाहेरच आहे, नामदेव पायरीसमोर, आणि पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. पंढरपुरात पोचल्यावर मी आधी चोखोबांपुढेच डोकं टेकलं, तिथं आजीने माझा हात धरला होता, गर्दीत चुकू नये म्हणून.

तिचं नाव मी विचारलंच नाही आणि तिनेही माझं नाही. फोनमध्ये तिचा नंबर 'माउली परभणी' म्हणून सेव्ह आहे. काल लावला होता. सोयाबीन पेरून झालंय, पाऊस मात्र नाही म्हणाली, आणि लगेच विचारलं, टाचा बऱ्या झाल्या का.